आठ वाजताची गोळी

कुठल्याही कागदावर ‘सकाळी ८.००’ असं लिहिलेलं दिसलं की माझी नजर अजूनही तिथे अडकते. बायको म्हणते, निवृत्त झालात, आता तरी लोकांच्या लग्नपत्रिका तपासू नका. लग्नपत्रिकेचं मला काही वाटत नाही. मुहूर्त बारा वाजून सदतीस मिनिटांचा असतो आणि म्हणून खरा वाटतो. मला भीती वाटते ती गोल आकड्याची, आणि ती भीती एका द्राक्षबागेमुळे बसली आहे.

त्या वेळी मी नाशिक शहरातल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. या प्रकरणातल्या कुणाचंही नाव मी इथे सांगणार नाही. त्यांचा आजार हा त्यांचा खासगी मामला होता आणि त्यांची चूकही.

सोमवारची सकाळ होती. हजेरी आटोपून मी डाक बघत होतो. तेवढ्यात आमच्या हद्दीतले एक औषध दुकानदार आत आले. नशेच्या गोळ्यांबद्दल मी दर दोन महिन्यांनी या मंडळींची बैठक घेत असे आणि त्यांना भरपूर पिडत असे. त्यामुळे हा गृहस्थ आपणहून आला, याचंच मला आश्चर्य वाटलं.

“साहेब, थोडं वेगळं आहे. नशेचं नाही,” ते म्हणाले.

शनिवारी दुपारी त्यांच्या दुकानात एक बाई आल्या होत्या. स्कूटरवर बायका बांधतात तसा तोंडाला स्कार्फ. त्यांनी कागदाच्या पुडीतून एकच गोळी काढून काउंटरवर ठेवली आणि विचारलं, “हिच्यामुळे अंगावर पुरळ येतं का? आणि दम लागतो का?” गोळीला पाकीट नाही, नाव नाही, नुसती तिच्यावर कोरलेली अक्षरं. दुकानदारांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली तर बाईंनी गोळी उचलली आणि निघून गेल्या. दुकानदारांनी मात्र ती अक्षरं आणि बाईंचा प्रश्न बिलबुकाच्या मागे टिपून ठेवला होता. नंतर मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं की हे औषध बाजारात अजून आलेलंच नाही. फुफ्फुसाचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांवर त्याची चाचणी चालू आहे, आणि नाशिकमध्ये ती एकाच रुग्णालयात आहे.

माझ्या डोक्यात लगेच एकच शब्द आला. चोरी. चाचणीतलं औषध बाहेर येतंय म्हणजे आतला कोणीतरी ते बाहेर काढतोय. इतकी वर्षं नोकरी केल्यावर डोकं ठरलेल्या रस्त्यानेच चालतं.

दुपारी रुग्णालयात गेलो. चाचणीच्या प्रमुख एक डॉक्टर बाई होत्या. बारीक अंगाच्या आणि शांत बोलणाऱ्या. मी बिलबुकाचं पान पुढे केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, ते मला समजलं तसं सांगतो. या आजारात काही रुग्णांच्या गाठीत एक ठरावीक बिघाड असतो. ही गोळी नेमकी त्या बिघाडावर जाते. दुसरं औषध सलाईनमधून दर तीन आठवड्यांनी देतात, ते शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतं. दोन्ही एकत्र दिली तर फायदा जास्त होतो की त्रास जास्त, हे त्यांना तपासायचं होतं. म्हणून रुग्णांचे दोन गट केलेले. एका गटाला सलाईनसोबत रोज एक गोळी. दुसऱ्या गटाला तेच सलाईन आणि नेहमीची केमो. कोण कुठल्या गटात, हे कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो.

“आणि त्रास झाला तर काय होतं?” मी विचारलं.

“फुफ्फुसाला सूज येते. लवकर कळलं तर औषधं थांबवून आवरता येते. उशीर झाला तर माणूस जातो. म्हणून गोळी घेणाऱ्यांचं आम्ही फार बारकाईने बघतो. ती बाई दम लागतो का विचारत होती ना? म्हणजे कोणीतरी आमच्या नजरेआड ही गोळी खातंय आणि त्याला सूज यायला लागली आहे. तो आमचाच दुसऱ्या गटातला रुग्ण असेल तर गुरुवारी त्याला सलाईन लागणार. त्याने दम लपवला तर आम्हाला कळणारही नाही. या आजारात थोडा दम सगळ्यांनाच लागतो.”

“काळजी करू नका, चोर सापडला की सगळं सापडेल,” मी म्हणालो.

“मला चोर नको आहे साहेब,” त्या म्हणाल्या. “मला गोळी खाणारा हवा आहे. आणि गुरुवारच्या आत.”

त्यांच्याकडून लेखी अर्ज घेतला, ठाण्यात अर्जचौकशी लावली आणि मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. दुकानाच्या कॅमेऱ्यात स्कार्फ आणि चष्मा यापलीकडे काही नव्हतं. मग चाचणीची औषधं सांभाळणाऱ्या फार्मासिस्टला बोलावलं आणि अडीच तास समोर बसवलं. किल्ली कोणाकडे असते, नोंद कोण करतं, घरी कोण आजारी आहे का, एकच प्रश्न फिरवून फिरवून. त्याने सगळी रजिस्टरं स्वतःच काढून दाखवली. रुग्ण दर वेळी रिकामी बाटली आणि उरलेल्या गोळ्या परत आणून देतात, त्या मोजल्या जातात आणि एकही गोळी कमी नव्हती. शेवटी तो म्हणाला, “साहेब, माझा भाऊ याच आजाराने गेला. तेव्हा ही औषधं नव्हती. मी यातली गोळी विकेन असं तुम्हाला वाटतं?”

मला तसं वाटलं होतं, ही खरी गोष्ट आहे. मी त्याची माफी मागितली. पोलिसाला माफी मागायची सवय नसते, त्यामुळे ती फार वाईट शब्दांत मागितली गेली.

मंगळवारी मी पुन्हा डॉक्टर बाईंकडे गेलो. गोळ्या मोजून बरोबर आहेत, आतून बाहेर जात नाहीत, म्हणजे रुग्णाच्या घरातून जात असणार. गोळीच्या गटात तिथे चौघंच होते. प्रत्येकाला एक डायरी दिलेली होती. रोज गोळी घेतल्याची वेळ लिहायची, काही त्रास झाला तर शेरा लिहायचा. गुरुवारच्या सलाईनआधी तपासायला त्या रुग्णालयात जमा झाल्या होत्या. मी त्या मागितल्या. बाईंनी आधी नकार दिला. रुग्णाची ओळख त्या देऊ शकत नव्हत्या, आणि ते बरोबरच होतं. मग त्यांनी नावांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि चारही डायऱ्या माझ्यासमोर ठेवल्या.

तीन डायऱ्या कंटाळवाण्या होत्या. चौथी मात्र मी चहा गार होईपर्यंत वाचत बसलो. या माणसाने गोळीची डायरी फवारणीच्या वहीसारखी ठेवली होती. तारीख, वेळ आणि शेऱ्यात हवामानसुद्धा. ‘ढगाळ. पहाटे दव.’ ‘ऊन चांगलं. भूक लागली.’ द्राक्षवाला, हे सांगायला पट्टी काढायची गरज नव्हती.

मी वेळेच्या रकान्यावरून बोट खाली नेत होतो आणि ते थांबलं. ७.४०. ८.२५. ८.१०. पुढे एका तारखेपासून रकान्याची चाल बदलली होती. ७.५०, मग ८.००. ८.१५, मग ८.००. ७.३५, मग ८.००. एक दिवस वाकडी वेळ, दुसऱ्या दिवशी ठीक आठ. सहा आठवडे.

हे डॉक्टरांना दिसलं नाही, यात त्यांचा दोष नाही. मी आयुष्यभर स्टेशन डायरी वाचली आहे. जो शिपाई गस्तीला खरंच जातो तो १.१० आणि २.३५ असं लिहितो, कारण त्याने घड्याळात बघितलेलं असतं. जो खुर्चीत डुलक्या काढतो तो १.०० आणि २.०० लिहितो. घडलेल्या गोष्टीची वेळ बघून लिहितात. न घडलेल्या गोष्टीची वेळ सुचते, आणि सुचताना माणसाला सोपा आकडा सुचतो.

“डॉक्टर, हा माणूस एक दिवसाआड गोळी घेत नाही,” मी म्हणालो. “उरलेल्या कोणाला तरी देतो.”

बाईंनी त्या रुग्णाला फोन लावला आणि पोलिसांशी बोलाल का, म्हणून विचारलं. पलीकडून आवाज आला, “या म्हणावं. बाग बघायला या.”

बुधवारी सकाळी साध्या कपड्यांत दिंडोरीकडे निघालो. सोबत एक हवालदार. छाटणी होऊन दोन महिने होत आले होते, वेलींवर कोवळे घड लटकत होते आणि प्रत्येक बागेत फवारणीच्या ब्लोअरचा आवाज चालू होता. बागेच्या तोंडाशी एक उंच, वाळलेला माणूस टोपी सावरत उभा होता. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही तेच म्हणतो.

मी त्यांना त्यांच्याच डायरीची झेरॉक्स दाखवली आणि ठीक आठवर बोट ठेवलं. आबांनी बराच वेळ कागद बघितला.

“हुशार हाय तुम्ही,” ते म्हणाले. “खोटं नाय बोलणार साहेब. दिल्या मी. पण कोणाला ते नाय सांगणार. शब्द दिलाय.”

“त्याचा जीव जाईल.”

“जीव वाचावा म्हणून तर दिल्या.”

मी आवाज चढवून बघितला, गोडीने बघितलं, कायद्याची भीती घालून बघितली. ज्याला डॉक्टरांनी आधीच मुदत सांगितली आहे त्याला पोलीस कसली भीती घालणार? शेवटी आबाच म्हणाले, “चला, एक गोष्ट दाखवतो.”

बागेच्या कोपऱ्यात एका औषध कंपनीचा फलक होता. नव्या बुरशीनाशकाचा डेमो प्लॉट. आठ-दहा ओळी हिरव्यागार. एका ओळीच्या खांबाला लाल फीत बांधलेली आणि तिची पानं डावणी रोगाने पिवळी पडून वाळायला लागलेली.

“हिला काय मारत नाय,” आबा म्हणाले. “फरक दिसायला पाहिजे म्हणून एक ओळ तशीच सोडायची. लोकं येतात, हिच्याकडं बघतात, मग तिकडं बघतात आणि म्हणतात, औषध भारी. दरसाल मीच सोडतो ही ओळ. वेल हाय, काय बोलत नाय. पण दवाखान्यात त्या कॉम्प्युटरनं मला तिकडं टाकलं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला हिकडं. ज्यानं मला संमतीचे सगळे कागद वाचून दाखवले, शब्द न् शब्द समजावला, त्यालाच लाल फीत? मला नाय बघवलं साहेब.”

इतक्या वर्षांत मी आरोपींची कारणं पुष्कळ ऐकली होती. असं कारण पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि त्याच वेळी मला त्यांची चूक कुठे आहे तेही लख्ख दिसलं. माणूस जे जाणतो त्याच मापाने जग मोजतो. आबांना चाचणी माहीत होती, पण बागेतली.

“आबा, त्या गटाला नुसतं सोडलेलं नाही,” मी म्हणालो. “मी डॉक्टरांकडून पक्कं करून आलोय. त्यांना तेच सलाईन आहे आणि नेहमीची केमो आहे. तुम्ही बागेला दरसाल जी नेहमीची फवारणी करता ना, ती पूर्ण चालू आहे. तुमच्या ओळीला केमोच्या जागी नवं औषध, एवढाच फरक. आता मला सांगा, दोन औषधं एका टाकीत घालायच्या आधी तुम्ही काय करता?”

“बादलीत मिसळून बघतो. फाटतं का ते.”

“आणि न बघता घातली तर?”

“पानं करपतात.”

“तुमच्या माणसाच्या अंगात केमो होती, सलाईन होतं. त्यात तुम्ही तिसरं घातलंत. बादलीत कोणी बघितलं?”

आबा फलकाला टेकले. मी खिशातून बिलबुकाचं पान काढलं आणि दुकानात आलेल्या बाईंचा प्रश्न वाचून दाखवला. पुरळ. दम.

“दम?” आबा म्हणाले. “कधीपास्नं? मला तर म्हणाले, लय बरं वाटतंय.” त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, “गाडी काढा. नाशिक रोड.”

वाटेत मी डॉक्टर बाईंना कळवलं. ज्यांच्याकडे जात होतो ते एक निवृत्त शिक्षक होते, कॉलनीत सगळे त्यांना सर म्हणत. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. मला बघून त्यांनी आधी चष्मा काढला, मग पदराने डोळे पुसले. “मीच गेले होते दुकानात,” त्या म्हणाल्या. “इथे ओळखीचे दुकानदार, म्हणून लांब गेले. यांनी शपथ घातली होती.”

सर बुद्धमूर्तीच्या खालच्या पलंगावर तीन उशांना टेकून बसले होते. बाही बटण लावून मनगटापर्यंत ओढलेली. वाक्य पूर्ण करायला त्यांना दोनदा थांबावं लागत होतं.

“तक्रार माझ्यावर घ्या, साहेब. त्यांनी दिली. मी खाल्ली.”

“सर, तुम्ही मला दम लागतो ते सांगितलं नाय,” आबा म्हणाले.

“सांगितलं असतं… तर तुम्ही गोळ्या बंद केल्या असत्या.”

“केल्याच असत्या.”

“आणि तुमच्या बाटलीत तर जास्तीच्या येत होत्या ना? वाया जातात, म्हणालात.”

आबांनी खाली बघितलं. मला गप्प बसता आलं असतं, पण मी बसलो नाही. “जास्तीच्या येत नाहीत, सर. ते स्वतः एक दिवसाआड घेत होते. तुम्हाला अर्ध्या दिल्या.”

सरांनी आबांकडे बघितलं. मग त्यांनी पत्नीला फक्त “चप्पल” एवढंच म्हटलं आणि पलंगावरून पाय खाली सोडले.

संध्याकाळच्या आत स्कॅन झाला. दोन्ही फुफ्फुसांना सूज होती. गुरुवारी सलाईनच्या खुर्चीवर सर नव्हते, वॉर्डात ऑक्सिजनवर होते. त्यांची सगळी औषधं थांबवून सूज उतरवायचे उपचार चालू झाले होते. पहिले चार दिवस डॉक्टर बाई काहीच सांगायला तयार नव्हत्या. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. “उतरतेय,” एवढंच म्हणाल्या. मी ठाण्यात सगळ्यांना पेढे वाटले, कशाचे ते सांगितलं नाही.

सर घरी जायच्या दिवशी मी जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो. डॉक्टर बाईंच्या टेबलावर आबांची डायरी होती. खोट्या नोंदी दुरुस्त करायच्या होत्या. आमच्यासारखाच त्यांचाही नियम निघाला. खोडताना एकच रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख.

पेन हातात घेऊन आबा म्हणाले, “आता मला काढतील ना?”

गेल्या तपासणीत त्यांची गाठ लहान झालेली होती. अर्ध्या गोळ्यांवरसुद्धा. काढलं तर ती गोळी दुसरीकडे कुठेच मिळणार नव्हती, हे त्यांना माहीत होतं.

“चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीसमोर ठेवावं लागेल,” बाई म्हणाल्या. “काढूही शकतात. मी खोटं सांगणार नाही.”

“नका सांगू. माझं वाचून पुढचा माणूस औषध घेणार हाय. त्याला फसवून कसं चालंल?”

सरांनी पिशवीतून घरचं कॅलेंडर काढलं. त्यांनीही आपल्या गोळीच्या तारखांवर खुणा केल्या होत्या. ते चष्मा लावून एकेक तारीख वाचू लागले, जसं संमतीपत्र वाचलं होतं तसंच, सावकाश. आबा तारीख शोधायचे, ‘८.००’वर रेघ मारायचे आणि बाजूला लिहायचे, ‘घेतली नाही. सरांना दिली.’ मग सही. एकवीस वेळा. शेवटच्या तारखेला सर थांबले. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. पत्नीने दुकानात नेलेली गोळी. “ही मी खाल्लेली नाही. वीस खाल्ल्या, एक परत,” ते म्हणाले.

डॉक्टर बाईंनी ती मोजून आत घेतली. हिशोब जुळला.

समितीने आबांना काढलं नाही. डायरी दर आठवड्याला दाखवायची, या अटीवर ठेवलं. सरांच्या फुफ्फुसाचं जे झालं तेही लिहून पुढे पाठवलं गेलं, म्हणजे दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला आधीच सावध होता येईल. मी अर्जचौकशी ‘कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असा शेरा मारून बंद केली. सरांनी पुढे द्राक्षाचे दोन हंगाम बघितले. दुसऱ्या हंगामात मी बागेत गेलो तेव्हा ते शेडमध्ये खाटेवर बसून घड खुडणाऱ्या बायकांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. डेमोचा फलक जागेवर होता, लाल फीत नव्हती. आबांनी कंपनीच्या माणसाला सांगून टाकलं होतं, शेजारच्या ओळीला नेहमीची फवारणी झाली पाहिजे, नाहीतर फलक घेऊन जा. त्यानंतरच्या पावसाळ्यात सर गेले. आबा अजून गोळी घेतात. त्या चाचणीचा शेवटी निकाल काय लागला ते मला ठाऊक नाही.

नोकरीभर मी काहीतरी घेऊन पळणाऱ्यांचा माग काढला. देणाऱ्याचा माग काढायची वेळ ही एकदाच आली, आणि मी तिथेही चोर शोधत गेलो. आबांसारखा सरळ माणूस मी क्वचित पाहिला. त्यांनी चांगल्या मनाने एक खोटी वेळ लिहिली आणि ज्याला वाचवायचं होतं त्यालाच ती मारायला निघाली होती. मन चांगलं असून भागत नाही, नोंद खरी लागते. हे मी पोलीस प्रशिक्षणात पाठ केलं होतं. मला ते पटलं मात्र त्या टेबलापाशी.

मी निवृत्त झालो त्या दिवशी कार्यभार सोडल्याची नोंद ठाणे अंमलदाराने घाईघाईत आधीच लिहून ठेवली होती. वेळ, १८.००. बाहेर हार-तुरे घेऊन लोक ताटकळत होते. मी पेन मागितलं, त्या आकड्यावर एक रेघ मारली, बाजूला सही केली आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून १७.५३ लिहिलं.